वापरणाऱ्याची चूक

हॅम्बर्गला आम्हा मराठी मंडळींच्या गणपतीत एकदा कुलकर्ण्यांची खुर्ची मोडली. आरती नुकतीच संपलेली, कुलकर्णी प्रसादाची वाटी घेऊन टेकले आणि वाटीसकट खाली गेले. सगळे कुलकर्ण्यांकडे धावले. दिवेकर खुर्चीकडे धावले. शर्टाच्या खिशातली छोटी बॅटरी काढून, गुडघे टेकून त्यांनी मोडका पाय उलटसुलट बघितला, तुटल्या जागेवरून नख फिरवलं, आणि कुलकर्णी अजून "आई गं" म्हणत होते तेवढ्यात निकाल दिला, "मागच्या दोन पायांवर झोके घेत बसतात हे. वापरणाऱ्याची चूक."

लोक हसले. कुलकर्णीसुद्धा कंबर धरून हसले. मीही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मी साताऱ्याची, तोंडाने फटकळ, म्हणून आधीच सांगून टाकते. श्रीधर दिवेकर हा माणूस मला आवडायचा, आणि त्याचा मला राग आहे. इतकी वर्षं झाली, आमचा देश बदलला, घर बदललं, तरी तो राग काही जात नाही. घरात काही बिघडलं, मिक्सर म्हणा, इस्त्री म्हणा, की त्यांचा तो शांत, जराही न चढणारा आवाज माझ्या कानात वाजतो आणि माझं डोकं फिरतं.

दिवेकर होते पन्नाशीचे. काटकुळे, चापून भांग पाडलेले, उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट. खिशात बॅटरी आणि घडीचं भिंग. उमेदीची सगळी वर्षं पिंपरीच्या कारखान्यात काढून ते हॅम्बर्गला आले होते. तिथल्या त्यांच्या कंपनीत गोदामात नि बंदरात माल उचलायच्या फोर्कलिफ्ट गाड्या बनायच्या. गाडी वॉरंटीत असताना बिघडली की मोडलेला भाग खोक्यात घालून दिवेकरांच्या टेबलावर यायचा. भारत, श्रीलंका, बांगलादेश, सगळ्यांचे क्लेम त्यांच्याकडे. तो तुकडा बघून त्यांनी दोनांपैकी एक निकाल द्यायचा. वापरणाऱ्याची चूक, म्हणजे कंपनी हात वर करायला मोकळी. नाहीतर मालातला दोष, म्हणजे कंपनीने भरून द्यायचं. हा दुसरा निकाल त्यांच्या तोंडून आमच्यापैकी कोणीही कधी ऐकला नव्हता. त्यांचा जर्मन साहेब म्हणे त्यांना फार मानायचा.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. लोक त्यात चांदीची भांडी ठेवतात, गणपती ठेवतात. यांनी मोडके तुकडे ठेवले होते. झिजलेलं बेअरिंग, तडकलेलं दातेरी चाक, जळून वाकडं झालेलं रबरी सील. पाहुणा आला की एकेक काढून त्याच्या हातावर ठेवायचे. "हे चितगावचं. तेल न घालता चालवलं. हे कांडल्याचं. दुप्पट वजन उचललं. खोटं बोलतात हो सगळे. पण तुकडा खोटं बोलत नाही."

मी एकदा म्हटलं, "अहो, एखादा तरी खरं बोलत असेल की!"

"असेलही," ते म्हणाले. "पण वहिनी, एकदा का गिऱ्हाइकाचं खरं मानलं, की मग थांबायचं कुठे?"

हे त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. माझा मिक्सर जळला तेव्हाही तोच साधेपणा. मी नेऊन दिला, त्यांनी झाकण हुंगलं आणि म्हणाले, "हळकुंडं? न भिजवता, न फोडता, सरळ?" हळकुंडंच होती. माहितीपत्रकाचं शेवटचं पान त्यांनी माझ्यासमोर धरलं. "वॉरंटी कशाला आहे ते सगळे वाचतात. कशाला नाही ते वाचत जा." आणि मग स्वतः बंदराजवळच्या जुन्या सामानाच्या बाजारात जाऊन, कुठूनतरी मोटर शोधून आणून त्यांनी तो मिक्सर मला दुरुस्त करूनही दिला. असे होते. म्हणून तर आवडायचे.

त्यांची बायको शोभाताई. गोल चेहऱ्याच्या, बोलताना मधेच थांबून श्वास घेणाऱ्या. दमा होता त्यांना, पण आटोक्यातला. त्यांच्याकडे पुण्याहून मांडीवर घेऊन आणलेला एक अजस्र कुकर होता. विमानात तो वर ठेवायला त्या तयार नव्हत्या, पोचा पडेल म्हणून. हॅम्बर्गमध्ये नवा कोणी मराठी पोरगा नोकरीला आला, की त्याचा पहिला वरणभात त्या कुकरातला. कोणाची बायको बाळंत झाली, कोणाची आई आजारी म्हणून कोणी घाईने भारतात गेली, की तिच्या घरचा डबा शोभाताईंकडून. कोणी सांगायला लागायचं नाही.

आमची बिल्डिंग नवीकोरी होती. दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. बाहेरून लाल विटा, तिथे सगळीकडे असतात तशा, आणि दोन जिने. एका जिन्यावरचे फ्लॅट बिल्डरने विकले. दुसऱ्यावरचे स्वतःकडेच ठेवून भाड्याने लावले. आम्ही आपसात त्यांना विकतचा जिना आणि भाड्याचा जिना म्हणायचो. आम्ही भाड्याच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर, मधल्या फ्लॅटमध्ये. दिवेकर आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, टोकाच्या फ्लॅटमध्ये. टोकाला म्हणून उजेड जास्त, आणि एक अख्खी भिंत पश्चिमेच्या वाऱ्यापावसाला.

किल्ल्या मिळायच्या दिवशी दिवेकरांनी फ्लॅटची तपासणी केली, ती बघायला मी मुद्दाम वर गेले होते. खिशातून त्यांनी एक काचेची गोटी काढली आणि प्रत्येक खोलीत जमिनीवर ठेवून ती कुठे घरंगळते का बघितलं. नाणं घेऊन बाथरूमची एकेक फरशी ठोकली. खिडक्यांच्या कड्या, नळ, दारांच्या फटी, सगळं बॅटरी मारून. शेवटी एका खिडकीच्या मुठीवर ओरखडा सापडला, तो त्यांनी किल्ल्या द्यायला आलेल्या, बिल्डरच्या ऑफिसातल्या बाईंना दाखवला आणि बाकी सगळं उत्तम म्हणून सही केली. ती बाई थक्क. म्हणाली, "हेर डिवेकार, झी झिंड या फोम फाख!" म्हणजे, श्री. दिवेकर, तुम्ही तर यातलेच जाणकार आहात. ते वाक्य दिवेकरांनी पुढे वर्षभर सगळ्यांना ऐकवलं.

शोभाताई मात्र हाताने भिंती चाचपत फिरत होत्या. पुण्यात दीर-जावांबरोबर दोन खोल्या, मग पिंपरीत कंपनीचं जुनं क्वार्टर, हॅम्बर्गला आल्यावर कोणाच्या तरी माळ्यावरची खोली, असा त्यांचा संसार झालेला. मला हळूच म्हणाल्या, "अगं नीलू, या भिंतीला अजून कोणाचा खिळासुद्धा लागलेला नाही."

पहिला हिवाळा बरा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या झोपायच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीवर, शोभाताईंच्या उशाशी काळे ठिपके आले. त्यांनी पुसले. परत आले. पलंग पुढे ओढला तर मागे ही एवढी बुरशी, कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत. बोट लावलं की ओल हाताला लागायची.

त्याच सुमाराला विकतच्या जिन्यातही टोकाच्या फ्लॅटमध्ये तेच झालं. त्या लोकांनी तक्रार केली आणि बघता बघता परांच्या बांधल्या गेल्या. गवंडी आले, लाल विटा काढायला लागले, ठोकाठोक सुरू झाली. शोभाताई खूश. आता आपल्याकडे येतील म्हणून त्यांनी गवंड्यांना द्यायला शंकरपाळे करून ठेवले. परांची सरकत सरकत आली ती दोन जिन्यांच्या मधे पावसाच्या पाण्याचा पाइप आहे तिथपर्यंत. तिथे थांबली. दोन महिन्यांनी उतरवली, आणि गवंडी निघून गेले.

बिल्डिंगचा कारभार बघणारा हेर ब्रांट मला खाली भेटला तेव्हा मी विचारलं, आमच्या बाजूला कधी? तो अगदी गोड हसला. म्हणाला, तिकडे घरं विकली आहेत, घेणाऱ्याला पाच वर्षांची हमी असते, ती पाळावीच लागते. इकडे घर आमचंच. आम्ही आम्हालाच कसली हमी देणार? भाड्याच्या भागाला ती लागूच नाही. तुमच्याकडे बुरशी येत असेल तर हवा खेळती ठेवा.

मी तणतणत वर गेले आणि दिवेकरांना सांगितलं. ते भिंगातून काहीतरी बघत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. वॉरंटी विकत घेणाऱ्याला. कलम स्पष्ट आहे."

"कलम गेलं खड्ड्यात! भिंत ओली आहे तुमची."

"ओली आहे, मान्य. का ओली आहे, हा वेगळा मुद्दा."

मला त्यांच्या वागण्याचं नवल वाटलं, कारण परांच्या असताना एका संध्याकाळी मी त्यांना आमच्या बाल्कनीतून बघितलं होतं. ऑफिसातून परत येताना ते तिकडे थांबले होते. गवंड्याशी बोलले, मग विटा काढलेल्या जागी बॅटरी मारून बराच वेळ आत बघत उभे राहिले. आत हात घालून काहीतरी काढलं, निरखलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. मला वाटलं, झालं, आता या बिल्डरची खैर नाही. आमचा जाणकार कामाला लागला.

मग एक दिवस हेर ब्रांट ओल मोजायचं यंत्र घेऊन दिवेकरांकडे आला. शोभाताईंनी मला सोबतीला बोलावलं होतं, त्यांचं जर्मन कच्चं म्हणून. त्यांनी ब्रांटला चहा दिला, बेसनाचे लाडू दिले. त्याने लाडू खाल्ला, आवडला, दुसरा घेतला. भिंतीला यंत्र लावलं, मान हलवली. परत जाताना स्वयंपाकघरात डोकावला. तिथे तो कुकर, वाफ सोडत. ब्रांट हातातला लाडू चघळत म्हणाला, "आल्झो, झी कॉखन फील, या?" तुमच्याकडे स्वयंपाक खूप होतो, नाही का?

आणि दिवेकर म्हणाले, "या, गेनाऊ. माइने फ्राउ कॉख्ट फील."

हो, अगदी बरोबर. माझी बायको खूप स्वयंपाक करते.

एवढं जर्मन शोभाताईंना येत होतं. त्यांच्या हातात लाडवांची बशी होती ती त्यांनी ओट्यावर ठेवली. ब्रांटने लिहून घेतलं आणि दिवेकरांशी हात मिळवून तो गेला. दोघं एकमेकांशी फार अदबीने वागले. एकाच धंद्यातली माणसं ती.

दार लागल्यावर शोभाताई म्हणाल्या, "अहो, स्वयंपाक तर मी रोज करते. भिंत पाऊस लागला की ओली होते. मागच्या आठवड्यात पाऊस नव्हता तर कोरडी होती. हात लावून बघा ना."

"शोभा, चार घरचं अन्न शिजतं इथे. वाफ कुठे जाणार? घर अशा वापरासाठी बांधलेलं नाही." जरा थांबून, खुर्चीबद्दल बोलले होते त्याच आवाजात ते म्हणाले, "वापरणाऱ्याची चूक."

मी तिथे उभी होते. शोभाताईंनी माझ्याकडे बघितलं आणि कसनुसं हसल्या. नवरा चारचौघांत काही बोलला की आपल्या बायका हसतात तसं. मला ते हसणं अजून आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

त्यानंतर त्या घरात नियम आले. दिवेकरांना नियम करायला आवडायचे. भाताला कुकर नाही, झाकण ठेवून पातेल्यात, तोही एकदाच. धुणं तळघरात वाळवायचं. आणि जर्मन लोकांचं ते श्टोसल्युफ्टन, म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडून घरातली सगळी हवा बदलून घ्यायची, हिवाळा असो की काही असो. दिवेकर ऑफिसात असताना हे काम शोभाताईंचं. फेब्रुवारीत मी वर गेले तर ही बाई स्वेटरवर शाल, शालीवर नवऱ्याचा जुना कोट घालून पलंगाच्या कडेला बसलेली. खिडक्या उघड्या, बाहेरून बर्फासारखा वारा, आणि ही तोंडाला पदर लावून खोकतेय.

मी जाऊन खिडकी लावली. त्यांनी ती परत उघडली. "राहू दे गं. संध्याकाळी विचारतात."

"विचारू देत! सांगा लावली म्हणून!"

"मग ओल गेली नाही तर परत माझ्यावरच येईल ना," त्या म्हणाल्या. श्वास घ्यायला थांबल्या. मग म्हणाल्या, "नीलू, मला भिंतीचं काही नाही. पिंपरीच्या क्वार्टरला काय कमी ओल होती? पण एकदा म्हणावं गं यांनी, की शोभा, तुझी चूक नाही. एवढंच. मग मी त्या काळ्या भिंतीला पाठ लावून झोपेन."

त्या दिवशी मी तो कुकर उचलून आमच्या घरी आणला. म्हटलं, "या आता माझ्याकडे स्वयंपाकाला." त्या यायला लागल्या. दोन्ही घरचं, शिवाय डबे, सगळं माझ्या ओट्यावर. आमची ईरा तेव्हा बालवाडीत. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. कुकरची शिट्टी झाली की पळत यायची. एकदा विचारते, "शोभा-टांटे, वोन्स्ट डू येट्स्ट बाय उन्स?" शोभामावशी, तू आता आमच्याकडेच राहतेस का? शोभाताईंनी तिला जवळ घेतलं आणि भाताची मूद करून भरवली.

महिना-दीड महिना चार घरचं अन्न माझ्या स्वयंपाकघरात शिजलं. खिडक्यांना घाम यायचा. आणि माझ्या एका भिंतीवर एक ठिपका आला नाही. वर, जिथे आता चहाशिवाय काही होत नव्हतं, तिथली बुरशी छतापर्यंत चढली. एवढं कळायला इंजिनियर लागत नाही. मी दिवेकरांना जिन्यात गाठलं.

"बघा येऊन आमच्याकडे. शोभाताईंची सगळी वाफ माझ्या घरात आहे आणि माझी भिंत खडखडीत कोरडी आहे. आता बोला!"

"तुमची भिंत आतली आहे, वहिनी," ते पटकन म्हणाले. "तिला पाऊस लागत नाही."

आणि थांबले. त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. खिशातली बॅटरी काढून त्यांनी ती उगाचच लावली, बंद केली, परत खिशात ठेवली.

"म्हणजे पाऊसच आहे ना कारण?" मी म्हटलं. "ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"तसं मी म्हणालो नाही," ते म्हणाले आणि वर गेले.

आमच्या जिन्यात सगळ्यात वर फ्राउ ल्यूडर्स म्हणून निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांच्याही कोपऱ्यात ओल आली होती. त्या भाडेकरूंच्या संघटनेकडे तक्रार करणार होत्या आणि दोन घरांची मिळून तक्रार असली तर वजन पडेल म्हणून दिवेकरांकडे आल्या होत्या. दिवेकरांनी त्यांना बसवलं, कॉफी दिली आणि नम्रपणे नकार दिला. मला नंतर म्हणाले, "ही तक्रारखोर माणसं असतात. मला चांगली माहितीये ही जमात. उद्या मी सही करायची, आणि परवा ऑफिसात बसून कोणत्या तोंडाने क्लेम नाकारायचे?" हे ते गंमत म्हणून बोलले असं मला त्या वेळी वाटलं.

मार्चमध्ये शोभाताईंना एका सकाळी श्वासच घेता येईना. आम्ही ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात शिमल आहे का? बुरशी? दिवेकर म्हणाले, "थोडी." डॉक्टरबाई म्हणाल्या, मग यांना त्या खोलीत परत नेऊ नका.

बाहेर बाकावर बसल्यावर मी दिवेकरांना म्हटलं, "आता तरी सही करा. आता तरी त्या ब्रांटला सांगा."

ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "दमा तिला लग्नाआधीपासून आहे, वहिनी. नंतरचा नाही तो."

मला कळायला एक क्षण लागला. त्यांच्या धंद्यात आधीपासूनचा दोष असला की वॉरंटी लागू होत नाही. हे त्यांनी जवळजवळ रोजच कोणाला तरी लिहून पाठवलं असेल. माझा हात उठायचाच राहिला होता. "लाज नाही वाटत?" मी ओरडले. नर्स येऊन बघून गेली.

शोभाताई बऱ्या झाल्यावर मिरजेला बहिणीकडे गेल्या. थंडी सरेपर्यंत, असं ठरलं होतं. निघताना त्या कुकर न्यायला तयार नव्हत्या. "तुझ्याकडेच राहू दे. यांना लागणार नाही. मी परत आले की बघू." विमानतळावर दिवेकरांनी त्यांची बॅग तोलून बघितली, कुलूप ओढून बघितलं, चाकं फिरवून बघितली. सगळं नीट तपासून त्यांनी बायकोला रवाना केलं.

मिरजेहून त्यांचे फोन यायचे. आवाज मोकळा झाला होता. इथे ऊन आहे, भिंती कोरड्या आहेत, बहिणीच्या परसात आंब्याला कैऱ्या लागल्यात. सगळं सांगून झालं की फोन ठेवायच्या आधी हमखास विचारायच्या, "ते काही म्हणाले का गं?"

"अजून नाही," मी म्हणायचे.

"बरं," त्या म्हणायच्या. "म्हणतील."

मी दिवेकरांना सांगितलं होतं. स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, की ती एका वाक्यासाठी थांबली आहे, तेवढं म्हणा आणि तिला बोलावून घ्या, हवं तर आमच्याकडे ठेवू. ते म्हणाले, "पुरावा नसताना कसं म्हणणार?" थंडी संपली, उन्हाळा आला, शोभाताई आल्या नाहीत. दिवेकरांनी बोलावलं नाही आणि या आपण होऊन येईनात. पुढच्या पावसाळ्यात मिरजेलाच त्यांना परत तो झटका आला. बहिणीने रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं होतं. दिवेकर जाऊन दिवस करून आले. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

फ्राउ ल्यूडर्स मात्र खमकी बाई. त्यांनी एकटीने तक्रार लावून धरली. शेवटी तज्ज्ञ आला, आणि त्याच्या सांगण्यावरून आमच्या जिन्यालाही परांच्या लागल्या. टोकाची भिंत बाहेरून उघडली. बाहेरच्या लाल विटा आणि आतली भिंत यांच्यामध्ये एक पोकळी ठेवतात. विटांमधून जे पाणी झिरपतं ते त्या पोकळीतून खाली उतरून बाहेर पडतं. बांधताना गवंड्यांनी सांडलेलं सिमेंट आत तसंच टाकून दिलं होतं, त्याने ती पोकळी पार बुजली होती. पाण्याला जायला वाट नाही, म्हणून प्रत्येक पाऊस शोभाताईंच्या उशाशी येऊन थांबत होता. विकतच्या जिन्यात त्यांना अगदी हेच सापडलं होतं. ब्रांटला ठाऊक होतं. त्याने लाडू खाल्ला तेव्हाही ठाऊक होतं.

भिंत दुरुस्त झाली, आतून नवा रंग लागला. त्यानंतर काही आठवड्यांनी, बाहेर धो-धो पाऊस, आणि दिवेकर आमच्या दारात. बऱ्याच दिवसांनी समोरासमोर. शर्ट चुरगळलेला, भांग नाही.

"वहिनी, कुकर देता का?"

मी काही न विचारता दिला. मला वाटलं, चला, माणूस हाताने काही शिजवून खाईल. राग असला तरी उपाशी राहावं असं काही मला वाटत नव्हतं.

थोड्या वेळाने वरून शिट्टी ऐकू आली. मग दुसरी. मग शिट्ट्या थांबेचनात. दुपार झाली, ईराला बालवाडीतून आणलं, तरी चालूच. जिन्यात वाफेचा वास. मी घाबरून वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

घरात समोरचं दिसत नव्हतं एवढी वाफ. सगळ्या खिडक्या बंद, फटींना टॉवेल लावलेले. काचांवरून पाणी ओघळत होतं. ओट्यावर कुकर, त्यात भात नाही, डाळ नाही, नुसतं पाणी. शेजारी मोठमोठी पातेली, तीही उकळती. मी चाचपडत पुढे गेले तर बैठकीच्या खोलीतलं ते काचेचं कपाट लागलं. चितगावच्या बेअरिंगशेजारी, कांडल्याच्या चाकाच्या अलीकडे, सिमेंटचा एक गोळा ठेवला होता. मुठीएवढा, एका बाजूला विटेचा लाल रंग लागलेला. त्या संध्याकाळी परांचीवरून त्यांनी खिशात टाकला होता तो. ब्रांट यायच्या आधीपासून तो त्यांच्याकडे होता. शोभाताईंनी खिडक्या उघडून ठेवल्या, त्या सगळ्या दिवसांत तो त्यांच्याकडे होता.

दिवेकर झोपायच्या खोलीत होते. पलंगाच्या मागे, नव्या पांढऱ्या भिंतीपुढे गुडघे टेकून, बॅटरी मारत, तळहाताने भिंत चाचपत. कपडे घामाने अंगाला चिकटलेले. माझी चाहूल लागल्यावर वळले.

"बघा वहिनी. हात लावून बघा. बाहेर पाऊस, आत एवढी वाफ. सकाळपासून. एक ठिपका नाही, ओल नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापत होता. "तिच्या स्वयंपाकाने काही होत नव्हतं. मालातला दोष."

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते शब्द मी पहिल्यांदा ऐकले. ते वाट बघत होते मी काय म्हणते याची. मी बरं बोलावं, खांद्यावर हात ठेवावा, असं कोणालाही वाटलं असतं. मला वाटलं नाही.

"हे मला काय सांगताय, दिवेकर?" मी म्हटलं.

मी ओट्यापाशी जाऊन सगळी बटणं बंद केली, एक खिडकी उघडली आणि खाली आले. ईराला भूक लागली होती. मी तांदूळ धुवायला घेतले, तर वरून खिडकी लागल्याचा आवाज आला, आणि मी पातेल्यात आधण ठेवतेय तोवर कुकरची शिट्टी पुन्हा सुरू झाली.